पोराला सांगून जायचं

"आजी, ती खेळण्यात रमली ना, की गुपचूप निघा हं. मागे वळून बघू नका," प्लेस्कूलच्या मॅडम माझ्या कानात म्हणाल्या. वय पंचविशीचं, गळ्यात ओळखपत्र, चेहरा हसरा. त्यांची काही चूक नव्हती, त्यांना तसंच शिकवलं असणार. पण माझ्याकडून ते होणार नव्हतं. माझी नात ईरा, अडीच वर्षांची, प्लॅस्टिकच्या घसरगुंडीखाली शिरून एक लाल चेंडू ओढत होती. तिचा तिथला पहिलाच दिवस. बाहेर फेब्रुवारीचं ऊन होतं आणि खाडीवरून तो चिकट वारा सुटला होता, ज्यात सकाळी धुतलेले केस दुपारपर्यंत पुन्हा धुवावेसे वाटतात.

मी काय केलं सांगते. गुडघे कुरकुरत होते तरी खाली बसले, ईराचं तोंड माझ्याकडे वळवलं आणि म्हटलं, "ईरा, आजी आता घरी जातेय. तू डबा खाशील, गाणी म्हणशील, मग आजी तुला न्यायला येईल." झालं! पोरीनं असं काही भोकाड पसरलं की बाहेर टेबलाशी बसलेली मुलगी धावत आत आली. मॅडमचा हसरा चेहरा जरा कमी हसरा झाला. माझ्या सुनेला तिच्या ऑफिसात मोबाइलवर सगळं दिसत होतंच, कॅमेरे लावलेत ना तिथे. दहा मिनिटांत फोन. "आई, अहो, का रडवलंत तिला?" रडवलंत! मी म्हटलं, "संध्याकाळी सांगते." संध्याकाळी ती दमून आली, मी चहा दिला आणि काहीच सांगितलं नाही. दोन वाक्यांत मावणारं ते नाहीच. म्हणून आता लिहायला बसलेय.

फेब्रुवारी ते मे हा आमच्या भाईंदरचा मिठाचा हंगाम. आता तो कुठे कोपऱ्यात उरलाय, शोधावा लागतो. पण नव्वद सालाच्या पुढेमागे, मी नवी नवरी म्हणून गिरगावातून इथे आले तेव्हा जेसल पार्कातल्या इमारती मोजक्या होत्या आणि त्यांच्या पलीकडे नुसती मिठागरं. चौकोनाला चौकोन लागून, आणि बांधांवर मिठाचे पांढरे ढीग. दुपारी त्या बाजूला बघवायचं नाही, डोळे दिपायचे. खिडकीचे गज गंजायचे, वाळत घातलेला परकर कडक व्हायचा, ओठांवरून जीभ फिरवली की खारट. माझी आई पहिल्यांदा माझं घर बघायला आली तेव्हा खिडकीत उभी राहिली आणि म्हणाली, "अगं बाई, कुठे येऊन पडलीस गं!" मला मात्र तो मोकळेपणा आवडला होता. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीतून आलेल्या मुलीला एवढं आकाश म्हणजे चैनच.

त्याच हंगामात मला नोकरी लागली. कुंदाताई म्हणून एक बाई होत्या, दादरच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी आपल्या पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात पाळणाघर काढलं होतं. अठरा पोरं. मराठी, गुजराती, मारवाडी, एक केरळची मुलगी, सगळी आपापसात हिंदी बोलायची आणि रडायची मात्र आपापल्या भाषेत. कुंदाताईंना मदतनीस हवी होती. माझ्याकडे बालवाडीच्या वर्गाचं एक वर्षाचं प्रमाणपत्र होतं आणि त्या प्रमाणपत्राला मी लॅमिनेशन करून घेतलं होतं, ह्यावरून माझी तेव्हाची शेखी ओळखा. मी हातमोज्यांच्या बाहुल्या करून आणल्या. भिंतीवर फळांचे तक्ते लावले. पहिल्या दिवशी कुंदाताईंना विचारलंसुद्धा, "इथे वेळापत्रक नाही का?"

"आहे ना," त्या म्हणाल्या. "रोझीमावशीला विचार."

रोझीमावशी म्हणजे तिथली आया. उत्तनची. पन्नाशीची, चापूनचोपून नेसलेलं लुगडं, गळ्यात क्रूस, आवाज असा की खालच्या वाण्याला वरून ऑर्डर द्यावी. नवरा मासेमारीच्या बोटीवर. रोज सकाळी उत्तनहून एसटी धरून भाईंदरला यायची आणि रेल्वेचा पूल ओलांडून पूर्वेला. चार यत्ता शिकलेली. मी मनातल्या मनात तिला पोरं धुणारी बाई असं ठरवून टाकलं होतं. आता सांगायला लाज वाटते, पण खरं तेच सांगतेय.

माझ्या पहिल्याच आठवड्यात चिनू आली. चिन्मयी, तीन वर्षांची, गळ्यात पाण्याची बाटली, केसांच्या दोन शेंड्या. तिची आई माधवी फोर्टातल्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होती. इतके दिवस चिनूला आजी, म्हणजे माधवीची आई सांभाळायची, ती दिवाळीनंतर वारली. माधवीची रजा संपत आली होती. दारात उभी राहून ती मला म्हणाली, "टीचर, ही कधी कुणा परक्याकडे राहिलेली नाहीये हो."

रोझीमावशी तेव्हा मोरीत एका पोराचं आवरत होती. कुंदाताई वाण्याकडे. मी एकटी, आणि माझं प्रमाणपत्र. मी चिनूला बाहुली दाखवत आत नेलं, पाठीमागे हात करून माधवीला खूण केली, जा, जा. ती गेली. दोन मिनिटांनी चिनूनं मागे पाहिलं. दार बंद.

"आई?"

"अगं, आई खाली वाण्याकडे गेलीय. तुला चॉकलेट आणायला. आत्ता येईल हं!"

किती सहज बोलले मी! ह्याला मी तेव्हा थाप समजतच नव्हते. आपल्याकडे सगळेच पोरांशी असं बोलतात. बुवा येईल, डॉक्टर सुई टोचतील, कावळ्यानं नेलं, आई आत्ता येतेय. चिनू अजिबात रडली नाही. ती दाराशी जाऊन बसली, बाटली मांडीवर घेऊन, आणि चॉकलेट आणायला गेलेल्या आईची वाट बघत राहिली. दहा वाजता. अकराला. जेवायच्या वेळी, झोपायच्या वेळी. मी चारदा म्हटलं, "चल, खाऊन घे." ती म्हणायची, "आई येतेय." मी खूश होते. बघा, एकदासुद्धा रडली नाही, असं मी कुंदाताईंना सांगितलं.

सहा वाजता माधवी आली. चिनूनं उठून तिचे दोन्ही हात उघडून पाहिले. मग पर्स पाहिली. "चॉकलेट?" माधवी म्हणाली, "कसलं चॉकलेट, राणी?" चिनूनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तीन वर्षांच्या मुलीनं एवढं नीट पाहिलेलं मी आयुष्यात दुसऱ्यांदा अनुभवलं नाही. रागानं नव्हे. तिला फक्त समजलं होतं, ही बाई कशी आहे ते.

दुसऱ्या दिवसापासून तिनं पाळणाघरात तोंडात काही घालणं बंद केलं. माझ्याकडून नाही, कुंदाताईंकडून नाही, रोझीमावशीकडूनही नाही. पाणीसुद्धा आपल्या बाटलीतलं. खाऊचं नाव काढणारी माणसं आईला नाहीशी करतात, अशी तिच्या लेखी आम्ही सगळ्याजणी एकाच टोळीतल्या झालो होतो. "आई आल्यावर," एवढं एकच वाक्य. सहा वाजेपर्यंत पोर उपाशी. पाचव्या दिवशी ती दुपारी बसल्या जागी पेंगून कलंडली.

माधवीच्या सासूबाईंचं गावाहून पत्र आलं होतं, पोर उपाशी ठेवून कसली नोकरी करतेस म्हणून. नवऱ्याचीही कुरकुर सुरू झाली. माधवी मला जिन्यात म्हणाली, "येत्या शनिवारच्या पुढच्या शनिवारपर्यंत बघते. नाही जमलं तर सोडते. पण टीचर, मला ते काम आवडतं हो. बोर्डावर बसले की मी कुणीतरी असते." मी मान हलवली. चॉकलेटचं सांगायची हिंमत झाली नाही.

रोझीमावशीला मात्र सांगावं लागलं, कारण तिनं मला पकडलंच. भांडी घासता घासता म्हणाली, "पोर उगाच तोंड न्हाय मिटत. काय सांगितलंस तिला?" मी सांगितलं. तिनं हातातली कढई खाली ठेवली.

"खोटं बोललीस."

"मावशी, सगळेच बोलतात. नाहीतर रडली असती ना."

"मंग रडू दे की! रडणं काय रोग हाय? आयस गेली तर पोर रडल न्हाय तर काय नाचल?" ती माझ्यावर उखडली होती आणि मी प्रमाणपत्रवाली बाई खाली मुंडी घालून उभी होते. "माझा घोव बोटीवर जातो तवा दारातना सांगून जातो. चार दिस म्हणतो, कवा आठ लागतात. पन सांगून जातो. न सांगता गेला असता तर मला झोप लागली असती?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या घरातलं वेळापत्रक कुठे आहे. ते रोझीमावशीच्या तोंडात होतं. सकाळी दारात प्रत्येक आईला ती थांबवायची. निघायचं असेल तर पोराकडे बघून सांगायचं, मी जातेय, आणि कधी येईन तेही सांगायचं. पोराला पाच, सहा वाजले काय कळतात? म्हणून मावशी सांगायची, "आधी पेज. मंग झोप. मंग टोपलीवाल्या बायका बांधावरना घरी जातील. मंग आयस." दुपार कलली की अठराच्या अठरा पोरं बाल्कनीच्या गजाला लोंबकळायची. समोर मिठागरावर दिवसभर टोपल्या वाहणाऱ्या बायका एका रांगेत बांधावरून निघायच्या, गुडघ्यापर्यंत पांढऱ्या झालेल्या. एखादी पोरांना हात करायची. पोरं ओरडायची, "गेल्या! गेल्या!" आणि खरंच, अर्ध्या तासात आया यायला लागायच्या. मी तक्ते लावत बसले होते आणि हे माझ्या डोळ्यांसमोर रोज घडत होतं.

"आता काय करू?" मी विचारलं.

"खरं बोल," मावशी म्हणाली. "बारीक बारीक. आणि सांगशील ते कर."

मग माझा जो काही अवतार सुरू झाला! चिनूसमोर उभं राहायचं आणि जाहीर करायचं, "चिनू, मी स्वयंपाकघरात जातेय. वाट्या घेऊन परत येतेय." जायचं, वाट्या आणायच्या, तिला दाखवायच्या. "चिनू, मी कपडे काढायला बाल्कनीत जातेय." "चिनू, मी मोरीत जातेय." जिग्नेश नावाचा एक चार वर्षांचा गुजराती आगाऊपणा होता, तो माझी नक्कल करत घरभर फिरायचा, "चिनू, मैं सूसू करने जा रहा हूं, वापस आ रहा हूं." सगळी पोरं खिदळायची. चिनू हसायची नाही. पण बघायची. मी परत आले का ते दर वेळी बघायची.

माधवीलाही मावशीनं कामाला लावलं. "तोंडावर सांगून जायचं. आणि सांगितल्यावर परत परत मागं यायचं न्हाय." माधवीनं सांगितलं, चिनू किंचाळली, माधवी गेली. पंधरा मिनिटांनी मी कचरा टाकायला खाली गेले, तर ही जिन्याच्या वळणावर भिंतीला कान लावून उभी, पदर तोंडात कोंबलेला. मी तिला धरलं आणि आम्ही दोघी तिथे रडलो. वर चिनू रडत होती, खाली आम्ही. मग माधवीनं डोळे पुसले, घड्याळ बघितलं, "मेले मी!" म्हणाली आणि पळाली.

आठवडा बरा चालला. चिनू दारापासून सरकत सरकत खोलीच्या मध्यापर्यंत आली. आणि मी माती खाल्ली. "चिनू, खाली गॅसवाला आलाय, त्याला सांगून लगेच येते," म्हणून गेले आणि त्याच्याशी सिलिंडरच्या नंबरावरून असा वाद घातला की अर्धा तास गेला. वर आले तर बाईसाहेब पुन्हा दाराशी, बाटली मांडीवर. "पयल्यापासना," मावशी म्हणाली. त्या दिवशी घरी जाऊन मी नवऱ्यावर विनाकारण डाफरले.

आज एवढ्या वर्षांनी मला विचाराल, की चांगलं पाळणाघर कसं ओळखायचं, तर मी फरशी बघणार नाही, खेळणी मोजणार नाही. रोज सकाळी दारात तेच माणूस उभं असतं का, ते बघेन. आणि पोर रडलं की तिथली बाई त्याला काय सांगते, ते कान देऊन ऐकेन. ईराच्या मॅडमना मी दुसऱ्या दिवशी थोडं थांबून एवढंच म्हटलं, की पोराला सांगून जाऊ द्या. त्यांनी ऐकून घेतलं, मला वाटलं होतं त्याहून चांगलं ऐकून घेतलं. चौथ्या दिवशी तर त्याच सांगत होत्या, "ईरा, आजीला टाटा कर, आजी डब्यानंतर येणार." ईरानं टाटा केला आणि माझी वाट न बघता चेंडूकडे पळाली. मलाच जरा लागलं ते. सुनेला आता सगळं सांगेन, किंवा हेच वाचायला देईन.

पण चिनूचं राहिलंय. माधवीनं सांगितलेल्या शनिवारचा आदला दिवस, शुक्रवार. ख्रिस्ती लोकांचे उपासाचे दिवस सुरू होते, दर शुक्रवारी चर्चमध्ये प्रार्थना असायची, म्हणून रोझीमावशी चारलाच उत्तनला निघाली. जाताना चिनूला सांगून गेली. कुंदाताई भाचीच्या हळदीला दादरला. सहा वाजून गेले, एकेक करत सगळी पोरं गेली. टोपलीवाल्या कधीच्या निघून गेल्या होत्या. मी पर्स काढून, चप्पल घालून तयार बसले होते, माधवी आली की कुलूप लावायचं म्हणून. साडेसहा. पावणेसात. खाली वाण्याकडे इमारतीतला एकुलता एक फोन, तो तीन दिवस मेलेला. दिवसभर जगाचे फोन जोडून देणारी बाई आणि तिच्या पोरीपर्यंत पोचणारा एक फोन नाही, काय हा न्याय! बाहेर अंधार पडला. मी दिवा लावला.

"टोपलीवाल्या गेल्या," चिनू म्हणाली. ती आपणहून माझ्याशी बोलली, ते चॉकलेटच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

"हो. गेल्या."

"मग आई?"

माझ्या जिभेवर तयार होतं, आत्ता येईल हं. अगदी ओठांपर्यंत आलं होतं. आमच्या वर्गात शिकवलं होतं, शिक्षिकेनं मुलासमोर गोंधळलेलं दिसू नये, मुलाला नेहमी उत्तर द्यावं. मी तिच्यासमोर बसले. मला भीती वाटत होती, माधवीचं काही बरंवाईट तर झालं नसेल ना, असंही येऊन गेलं होतं मनात.

"मला माहीत नाही, चिनू," मी म्हटलं. "आईला उशीर झालाय. कशामुळे, ते मला माहीत नाही. कधी येईल, तेही माहीत नाही. पण आई येईपर्यंत मी घरी जाणार नाही. तुझ्याजवळ थांबणार आहे."

मी तिच्या रडण्याची वाट बघत होते. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे.

"चप्पल काढ," ती म्हणाली.

मी चप्पल काढली. तेवढ्यानं तिचं समाधान झालं नाही. तिनं ती स्वतः उचलून नेली, आतल्या खोलीत कुंदाताईंच्या पलंगाखाली पार लांब ढकलली आणि परत येऊन बसली.

सकाळपासून माझ्याही पोटात चहाखेरीज काही नव्हतं. मी कुकर लावला. भात झाला, डब्यात कुंदाताईंचं मेतकूट होतं, तूप होतं. चिनूला आग्रह करायचं बळच माझ्यात उरलं नव्हतं. मी वाटीत भात कालवला आणि जमिनीवर बसून आपली खायला लागले. दुसरा घास उचलला तर ती समोर उभी. तिनं तोंड उघडलं. एवढंसं तोंड, आत तांदळासारखे दात. मी तो घास तिच्या तोंडात घातला. तिनं चावला, गिळला आणि पुन्हा तोंड उघडलं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि मी डाव्या हातानं ते पुसत होते. "टीचर रडते," चिनू म्हणाली. "हो, रडतेय," मी म्हटलं. "मला खूप आनंद झालाय." तिनं ते खरं धरलं. वाटी संपली, दुसरी कालवली.

सव्वाआठला जिन्यावर धडधड पावलं वाजली. माधवी. केस सुटलेले, घामाघूम, चेहरा पार उतरलेला. तिच्या जागेवर बसायला येणारी मुलगी आलीच नव्हती, बोर्ड सोडून उठता येईना, साहेब ऐकेना. दारातच बोलायला लागली, चिनूला छातीशी घट्ट धरून, "माफ करा हो टीचर, माफ करा. बस झालं आता. मी सगळ्या वाटेत ठरवून आले. माझ्यानं नाही होत हे. उद्या जाऊन राजीनामा देते. पोरीचे हाल नाही बघवत मला. उद्यापासून नाही आणत हिला."

चिनू आईच्या कडेवरून घसरत खाली उतरली, आपली बाटली गळ्यात अडकवली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "टीचर, उद्या तूप जास्त घाल."

माधवीनं विचारलं, "जेवली?"

"दोन वाट्या," मी म्हटलं.

ती मटकन उंबऱ्यावर बसली. दोन्ही हातांत तोंड घेऊन बसली. चिनू तिचा पदर धरून ओढायला लागली.

"आई, ऊठ ना. घरी चल ना लवकर. मला उद्या परत यायचंय."